एकविसाव्या वर्षी नद्या मोजायला निघालेला मुलगा

समजा, कॅम्पस प्लेसमेंटमध्ये तुम्हाला अशी ऑफर आली.

वय एकवीस चालेल. कामाची जागा : जगातल्या सगळ्यात मोठ्या नद्यांपैकी दोन जिथे समुद्राला मिळतात तो चिखल, गवत, खाड्या आणि जंगलाचा प्रदेश. काम : या सगळ्याचा नकाशा करायचा. आधीचा भरवशाचा नकाशा उपलब्ध नाही. सोबत होकायंत्र, अंतर मोजायची साखळी, सूर्याची उंची बघायचं एक यंत्र, काही होड्या आणि काही माणसं. इतर तपशील : वाघ, मगरी, मलेरिया. डॉक्टर सहसा नाही.

जॉइन कराल?

१७६४ मध्ये एका मुलाने केलं. त्याचं नाव जेम्स रेनेल. पुढची बारा-तेरा वर्षं त्याने बंगालच्या नद्या, पाणथळ जागा आणि रस्ते मोजण्यात घालवली आणि त्यातून जो नकाशासंग्रह तयार झाला तो ‘बंगाल अ‍ॅटलास’ म्हणून आजही अभ्यासला जातो. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव एका ओळीत येतं, बंगालचा पहिला सर्व्हेयर जनरल म्हणून. एमपीएससी-यूपीएससीवाल्यांनी पाठही केलं असेल. पण त्या एका ओळीच्या मागे जी गोष्ट आहे ती आपल्या वयाची आहे, म्हणून सांगतेय.

मला रेनेल भेटला तो एका असाइनमेंटमुळे. नद्यांचे जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून बघायचे होते. मी रेनेलचा बंगालचा नकाशा उघडला, बाजूला फोनवरचा मॅप उघडला आणि गोंधळले. ब्रह्मपुत्रा जागेवरच नव्हती! आधी वाटलं, अडीचशे वर्षांपूर्वीचा माणूस, चुकला असेल. मग वाचत गेले तेव्हा कळलं, तो चुकला नव्हता. नदीच निघून गेली होती.

वडील नाहीत, वशिला नाही

रेनेलचा जन्म ३ डिसेंबर १७४२ चा. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातलं चडली नावाचं छोटं गाव. वडील तोफखान्यात कॅप्टन होते, पण जेम्स लहान असतानाच लढाईत मारले गेले. मुलाला गावातल्या एका पाद्रीने वाढवलं. शिक्षण म्हणाल तर फार नाही. १७५६ मध्ये, तेरा-चौदा वर्षांचा असताना, तो नौदलात शिरला. आपण ज्या वयात आठवी-नववीच्या युनिट टेस्टचं टेन्शन घेत होतो त्या वयात तो जहाजावर होता आणि त्याच वर्षी युरोपात सात वर्षांचं युद्ध पेटलं होतं.

जहाजावर त्याला एक नाद लागला. किनाऱ्यांचे आणि बंदरांचे नकाशे काढायचा. पाण्याची खोली कशी बघायची, दिशा कशी धरायची, कागदावर ते कसं उतरवायचं, हे सगळं तो काम करता करता शिकला. १७६० मध्ये तो हिंदुस्थानच्या किनाऱ्याला आला, पाँडिचेरीच्या वेढ्याच्या वेळी आरमारात होता. १७६३ मध्ये युद्ध संपलं आणि मोठाच प्रश्न उभा राहिला. शांततेच्या काळात नौदलात बढती कुणाला मिळणार? ज्याच्या पाठीशी कुणी बडा माणूस आहे त्याला. रेनेलच्या पाठीशी कुणीच नव्हतं. त्याने नौदल सोडलं आणि ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली.

कलकत्त्यात त्या वेळी हेन्री व्हॅन्सिटार्ट गव्हर्नर होता. त्याला सर्व्हे करणारा माणूस हवाच होता. एप्रिल १७६४ मध्ये रेनेलची फोर्ट विल्यममध्ये इंजिनीअर म्हणून, तीही प्रोबेशनवर, नेमणूक झाली. वय वर्षं एकवीस.

कंपनीला नकाशा कशाला हवा होता?

इथे थोडं थांबू, कारण नकाशा कुणीतरी पैसे देऊन करून घेतं तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं.

कंपनीचं मुख्य ठाणं कलकत्ता, हुगळीच्या काठावर. माल मात्र वरून, पाटणा आणि आसपासच्या भागातून, गंगेने यायचा. गंगेतून हुगळीकडे येणाऱ्या भागीरथी आणि जलंगी या वाटा उन्हाळ्यात इतक्या उथळ व्हायच्या की मोठ्या नावा अडकायच्या. मग लांबचा वळसा घालून, खाली सुंदरबनातून फिरून यावं लागायचं. रेनेलला दिलेलं पहिलं काम हेच होतं. गंगेपासून कलकत्त्याकडे येणारी, बारा महिने नावा जातील अशी जवळची वाट शोध.

म्हणजे सुरुवात शॉर्टकट शोधण्यापासून झाली. आज आपण मॅपवर ‘फास्टेस्ट रूट’ बघतो ना, तेच. फक्त रस्त्याच्या जागी पाणी होतं आणि ते दर ऋतूत बदलत होतं.

पण वर्षभरात चित्र पालटलं. ऑक्टोबर १७६४ मध्ये बक्सरची लढाई झाली. ऑगस्ट १७६५ मध्ये मुघल बादशहाने कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी दिली, म्हणजे महसूल वसूल करायचा हक्क. आता कंपनी नुसती व्यापारी राहिली नाही. कुठलं गाव कुठे आहे, कुठल्या परगण्यात किती जमीन आहे, सैन्य कुठल्या वाटेने जाईल, हे सगळं तिला हवं होतं. क्लाइव्हने रेनेलला सांगितलं की आता सगळ्या बंगालचा नकाशा कर. १ जानेवारी १७६७ ला त्याला सर्व्हेयर जनरल केलं गेलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

नदी मोजतात कशी?

मला हाच प्रश्न पडला होता. सॅटेलाइट नाही, ड्रोन नाही. मग?

पद्धत ऐकायला साधी आहे. नदीच्या काठाकाठाने जायचं. एक वळण आलं की होकायंत्राने पुढच्या वळणाची दिशा घ्यायची. तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. वहीत लिहायचं. पुढच्या वळणाशी पुन्हा तेच. मध्ये कुठला ओढा येऊन मिळतो, कुठे बेट आहे, कुठलं गाव दिसतं, काठ उंच आहे की दलदलीचा, हे सगळं नोंदवायचं. होडीतून दोरीला वजन बांधून पाण्यात सोडायचं आणि खोली बघायची. दुपारी सूर्य माथ्यावर आला की त्याची उंची मोजून आपण नक्की कुठल्या अक्षांशावर आहोत ते काढायचं, म्हणजे वहीतली छोटी छोटी चूक साठत गेली असेल तर ती पकडता येते.

आता हे शेकडो मैल करा.

पुढे १८०२ मध्ये मद्रासकडे विल्यम लॅम्बटनने त्रिकोणांची मोठी मोजणी सुरू केली. त्यात एका उंच जागेवरून दुसरी उंच जागा दिसावी लागते. पण रेनेलच्या बंगालमध्ये डोंगरच नव्हते. सपाट जमीन, माणसापेक्षा उंच गवत, झाडं आणि पाणी. पावसाळ्यात तर नदी कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होतं हेच कळायचं नाही. बंगालीत ज्यांना बिल म्हणतात ती मोठी तळी आणि हाओर म्हणतात त्या बशीसारख्या खोलगट पाणथळ जागा भरून समुद्रासारख्या दिसतात. मग नकाशावर काठाची रेषा कुठे काढायची? पावसाळ्यातली की उन्हाळ्यातली?

आणि खाली सुंदरबन. तिथे भरती-ओहोटीनुसार दिवसातून दोनदा किनारा हलतो. एक खाडी दुसरीत, दुसरी तिसरीत. खारफुटीत वाट चुकली तर परत यायची खात्री नाही. या भागाचा काही हिस्सा त्याने ओसाड म्हणून दाखवला आणि नकाशावरच त्याचं कारणही लिहून ठेवलं, की मगांच्या, म्हणजे अराकानकडून येणाऱ्या चाच्यांच्या, हल्ल्यांमुळे इथली वस्ती उठली. म्हणजे नुसतं काय दिसतं तेच नव्हे, तर तसं का दिसतं हेही त्याने विचारलं होतं.

रेनेलने त्या काळात लिहिलेल्या रोजनिशा १९१० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीने छापल्या. त्यात फारसं नाट्य नाही. आज इतके मैल, अमुक दिशा, पाणी इतकं खोल, डाव्या काठाला गाव, उजवीकडे जंगल. दिवसामागून दिवस. इंटर्नशिपमध्ये एक्सेल शीट भरून कंटाळलेल्या आपल्यासारख्यांना हे ओळखीचं वाटेल. पण त्याच कंटाळवाण्या नोंदींतून पुढे सगळं उभं राहिलं.

एक बिबळ्या मात्र या नोकरीत आडवा आला. त्याने रेनेलच्या माणसांवर झडप घातली, पाच जण जखमी झाले. रेनेलने बंदुकीची संगीन त्याच्या घशात खुपसली आणि तो वाचला.

कांद्याचा लेप आणि सहा दिवसांची होडी

बिबळ्यातून वाचलेला रेनेल माणसांच्या तावडीतून मात्र थोडक्यात सुटला.

फेब्रुवारी १७६६. कूचबिहारच्या सीमेजवळ कंपनीच्या तुकडीची संन्यासी-फकिरांच्या एका मोठ्या जथ्याशी गाठ पडली. रेनेल त्या तुकडीसोबत होता. चकमकीत तो तलवारधाऱ्यांच्या गराड्यात सापडला. उजव्या खांद्याचं हाड तलवारीने चिरलं गेलं, हातांवरही वार झाले. तो कसाबसा बाहेर पडला. जवळ डॉक्टर नव्हता. सगळ्यात जवळचा डॉक्टर ढाक्याला, सुमारे तीनशे मैलांवर. त्याला होडीत घातलं आणि सहा दिवस तो पडून राहिला. वाटेत सोबतच्या देशी माणसांनी जखमांवर कांद्याचा लेप लावला. ढाक्याला पोचेपर्यंत तो जगेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

तो जगला. पण त्याची तब्येत पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

ही गोष्ट इंग्रजी चरित्रांत वीरकथेसारखी येते. आपण ती दुसऱ्या बाजूनेही बघायला हवी. हे संन्यासी आणि फकीर कोण होते? बंकिमचंद्रांची ‘आनंदमठ’ ही कादंबरी ज्या बंडाच्या पार्श्वभूमीवर आहे, त्याच संन्यासी बंडाच्या काळातली ही माणसं. वर्षानुवर्षं त्या प्रदेशातून फिरणारी, जमीनदारांकडून दक्षिणा घेणारी आणि आता कंपनीच्या राज्यात लुटारू ठरलेली. त्यांच्या नजरेने बघितलं तर होकायंत्र घेऊन फिरणारा तो तरुण कोण होता? त्यांची वाट कागदावर उतरवून सैन्याच्या हाती देणाऱ्यांपैकी एक.

दुसरी गोष्ट, त्याचा जीव वाचवणाऱ्यांची नावं. होडी वल्हवणारे, कांद्याचा लेप लावणारे, साखळी ओढणारे, गावांची नावं सांगणारे, कुठल्या खाडीतून पाणी जातं ते दाखवणारे. अ‍ॅटलासवर नाव एकट्या रेनेलचं आहे. त्याच्या हाताखाली काही इंग्रज सहायक होते, त्यांची नावं निदान सरकारी कागदांत सापडतात. खलाशांची आणि वाटाड्यांची नावं नकाशाच्या कोपऱ्यातही नाहीत. पण नकाशावरच्या प्रत्येक गावाचं नाव कुणीतरी बंगालीत उच्चारलं असणार, तेव्हाच ते रेनेलने इंग्रजीत लिहिलं.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात जड आहे. रेनेल सर्व्हेयर जनरल असतानाच १७६९-७० चा बंगालचा भीषण दुष्काळ पडला. बंगालची जवळपास एक तृतीयांश माणसं त्यात गेली असा अंदाज त्या काळातच मांडला गेला होता. तरी महसुलाची वसुली थांबली नाही. गावं नकाशावर येत होती आणि त्याच वर्षांत प्रत्यक्षात ओसाड पडत होती. दुष्काळ रेनेलने आणला नाही. पण चांगला नकाशा असला म्हणजे राज्य चांगलं असतं असं नाही, हे या वर्षांकडे बघून कळतं.

गंगेपेक्षा मोठी नदी

रेनेलने ढाक्याला आपलं ठाणं केलं होतं. तिथून तो ब्रह्मपुत्रेने वर आसामच्या सीमेपर्यंत गेला. युरोपीय नकाशांत तोवर गंगा हीच इथली महानदी. ब्रह्मपुत्रा कुठेतरी बाजूला, बारीकशी. रेनेलने ती डोळ्यांनी बघितली आणि थक्क झाला. ही तर गंगेपेक्षा मोठी! इतकं पाणी येतं कुठून? त्याने तर्क केला की तिबेटातून वाहणारी त्सांगपो आणि ही ब्रह्मपुत्रा एकच असणार. वरच्या भागात तो कधी जाऊ शकला नाही. त्याचा हा तर्क पूर्णपणे पडताळला जायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि तो बरोबर निघाला.

१७७२ मध्ये त्याने कलकत्त्यात जेन थॅकरे हिच्याशी लग्न केलं. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या थॅकरेच्या घराण्यातली ती. १७७७ मध्ये, तब्येत ढासळलेली असताना, तो निवृत्त होऊन इंग्लंडकडे निघाला. वय चौतीस. १७७९ मध्ये ‘बंगाल अ‍ॅटलास’ प्रसिद्ध झाला आणि लगेच पुढच्या दोन वर्षांत त्याच्या वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या. १७८१ मध्ये गंगा आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांवरचा त्याचा निबंध रॉयल सोसायटीने छापला आणि त्याच वर्षी त्याला सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. १७९१ मध्ये मानाचं कोप्ली पदक.

त्या निबंधातली एक गोष्ट मला फार आवडली. नदी स्थिर नसते हे रेनेलला पक्कं माहीत होतं. ती एका काठाची माती खाते आणि दुसरीकडे गाळ टाकते. पात्रात नवी बेटं तयार होतात, जुनी वाहून जातात. कोसी नदीने आपली जुनी वाट सोडल्याचंही त्याने नोंदवलं. म्हणजे आपण जो नकाशा करतोय तो जुना होणार, हे नकाशा करणाऱ्याला ठाऊक होतं. तरीही त्याने तो केला.

आणि मग ब्रह्मपुत्रा निघून गेली

रेनेल मोजत होता तेव्हा ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह मधुपूरच्या उंच पट्ट्याच्या पूर्वेकडून, मैमनसिंगच्या बाजूने वाहत जाऊन मेघनेला मिळत होता. तो बंगाल सोडून गेल्यावर दहा वर्षांनी, १७८७ मध्ये, तिस्तेला प्रचंड पूर आला. तिस्तेने गंगेकडे जाणारी आपली वाट सोडली आणि ती ब्रह्मपुत्रेला येऊन मिळाली. पुढच्या चाळीसेक वर्षांत ब्रह्मपुत्रेनेही पात्र बदललं. मधुपूरच्या पश्चिमेला, जिथे रेनेलच्या नकाशात एक लहानशी नदी होती, त्या बाजूने ती वाहू लागली. आज तिला जमुना म्हणतात. मैमनसिंगपासून ती सत्तर-एक किलोमीटर पश्चिमेला आहे. मैमनसिंगजवळ उरली आहे ती जुनी ब्रह्मपुत्रा, तीही बारीक.

विचार करा, जगातल्या मोठ्या नद्यांपैकी एक नदी, माणसाच्या एका आयुष्याएवढ्या काळात, इतकी सरकली. तिच्यासोबत बंदरं गेली, शेतं गेली, गावं गेली. कुणाच्या अंगणात नदी आली, कुणाची नदी कायमची गेली.

हे आपल्याला इतकं नक्की कसं माहीत? रेनेलमुळे. त्याने ‘आधी’चा फोटो काढून ठेवला होता म्हणून ‘नंतर’ काय झालं ते कळतं. बांगलादेशात नदीच्या बदलत्या पात्रांचा अभ्यास करणारे आजही सुरुवात रेनेलच्या नकाशापासून करतात. ज्या नकाशाचा रस्ता शोधायला आता काहीच उपयोग नाही, तोच पुरावा म्हणून सगळ्यात मोलाचा ठरला.

जिथे पाय लागले नाहीत तिथे

आता हीच गोष्ट उलटी बघा.

इंग्लंडला परतल्यावर रेनेलने १७८२ मध्ये सगळ्या हिंदुस्थानचा नकाशा केला. मराठ्यांचा मुलूखही त्यात आला. पण दख्खनमध्ये त्याने स्वतः मोजणी केलेली नव्हती. सैन्याच्या कूचांच्या नोंदी, जसं की पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्डने उत्तर हिंदुस्थानातून सुरतेपर्यंत मारलेली मजल, अशा इतरांच्या कागदांवरून त्याने तो लंडनमध्ये बसून जुळवला. त्या काळाच्या मानाने काम उत्तमच होतं, पण बंगालच्या नकाशातला नेमकेपणा त्यात येणं शक्य नव्हतं.

पुढे तर तो आफ्रिकेचा नकाशा करायला बसला. मंगो पार्क नावाचा प्रवासी नायजर नदीपर्यंत जाऊन आला होता. त्याच्या माहितीवरून रेनेलने नकाशा काढला. त्यात दोन घोळ झाले. एक, त्याने पश्चिम आफ्रिकेत आडवी पसरलेली कोंग नावाची मोठी पर्वतरांग दाखवली. अशी रांग अस्तित्वातच नाही! पण नाव रेनेलचं, म्हणून बाकीच्यांनी डोळे मिटून ती आपापल्या नकाशात उतरवली. १८८०च्या दशकाच्या अखेरीस लुई-गुस्ताव बिंजे हा फ्रेंच अधिकारी प्रत्यक्ष तिथे गेला तेव्हा कळलं की तिथे डोंगर नाहीच. जवळजवळ नव्वद वर्षं जग एका न असलेल्या पर्वतावर विश्वास ठेवून होतं. दुसरा घोळ म्हणजे नायजर समुद्राला न मिळता आतल्याच एका दलदलीत जिरते असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ती गिनीच्या आखातात जाते.

आयुष्याची उमेदीची वर्षं ज्याने दलदलीत काढली त्याने न पाहिलेली दलदल कागदावर काढली. माणूस तोच, हुशारी तीच. फरक एवढाच की एका वेळी तो काठाने चालला होता आणि दुसऱ्या वेळी ऐकलेल्या माहितीवरून मधली रिकामी जागा भरत होता.

हे वाचताना मला माझंच आठवलं. फील्डवर न जाता, दोन फोन आणि तीन जुन्या बातम्या जोडून केलेली माझी पहिली स्टोरी. वाचायला छान होती. पण त्यात माझा एक कोंग पर्वत होताच. तुमच्या प्रोजेक्टमध्येही असेल, शोधा.

समुद्रातल्या नद्या

उतारवयात रेनेल पुन्हा पाण्याकडे वळला, या वेळी समुद्रातल्या प्रवाहांकडे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या प्रवाहावर त्याने १७७८ मध्येच काम केलं होतं. नंतर वर्षानुवर्षं जहाजांच्या रोजनिशा गोळा करून तो अटलांटिकच्या प्रवाहांचा अभ्यास करत राहिला. इंग्लंडजवळच्या एका प्रवाहाला त्याचं नावही दिलं गेलं. २९ मार्च १८३० ला, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्याचं निधन झालं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याला पुरलं आहे. अटलांटिकच्या प्रवाहांवरचं त्याचं पुस्तक १८३२ मध्ये त्याच्या मुलीने प्रसिद्ध केलं.

बाय द वे, तो गेला त्या सुमाराला ब्रह्मपुत्रेचं स्थलांतरही जवळजवळ पूर्ण झालं होतं.

आपल्याला काय त्याचं?

नद्या आजही सरकतात. १९७० च्या चक्रीवादळानंतर सुंदरबनाच्या तोंडाशी एक छोटं बेट वर आलं. भारताने म्हटलं आमचं, बांगलादेशाने म्हटलं आमचं. दोन देश भांडत राहिले आणि २०१० पर्यंत बेट पाण्याखाली गेलंही. जमुना आणि पद्मेच्या काठी आजही लोक एका रात्रीत जमीन गमावतात आणि पात्रात उगवलेल्या नव्या बेटावर, तिकडे त्याला चर म्हणतात, पुन्हा झोपडी बांधतात. मग प्रश्न येतो, ही जमीन कुणाची? उत्तर द्यायला कागद लागतो. आणि तो कागद कुणी, कुणाच्या सोयीने काढला, हेही बघावं लागतं.

रेनेल हीरो होता की कंपनीचा नोकर? मला वाटतं, दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. त्याने केलेला नकाशा राज्य करणाऱ्यांसाठी होता. पण तो इतक्या प्रामाणिकपणे केला होता की ते राज्य गेलं, ती नदी गेली, तरी नकाशा खरं बोलत राहिला.

‘बंगाल अ‍ॅटलास’ची पानं आज स्कॅन केलेली ऑनलाइन बघायला मिळतात. एकदा उघडा. शेजारी फोनवरचा मॅप ठेवा. मैमनसिंग शोधा आणि तिथून बोट सरकवत पश्चिमेला जमुनेपर्यंत जा. त्या दोन रेषांच्या मधल्या जागेत किती गावं येतात ते मोजून बघा.